मिनिटाला साडेसात हजार उघडझापी

यामाहा आरएक्स १०० घेऊन गॅरेजमध्ये आलेल्या माणसाची तक्रार पुष्कळदा अशी असते: सकाळी किक मारून मारून पाय दुखतो, गाडी सुरू झाली तरी आयडलिंगला टिकत नाही, खालच्या रेसला घुसमटते आणि चढावर दम टाकते. मात्र एकदा इंजिन वरच्या फेऱ्यांवर गेले की सगळे आलबेल. पेट्रोल जास्त लागते. एअर फिल्टर काढून पाहिला तर त्याचा स्पंज पेट्रोल आणि टू-टी ऑइलने ओलाचिंब. संशय पहिल्यांदा कार्बोरेटरवर जातो. तो खोलून साफ होतो, जेट बदलले जातात, नवा प्लग बसतो. तरीही फरक पडला नाही की ‘ब्लॉक-पिस्टन’चा विषय निघतो, म्हणजे सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन घालायचा, आणि खर्च हजारांत जातो. या सगळ्या धावपळीत कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या मधोमध, तळहातात मावेल अशा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर बसवलेली पातळ पाती मात्र कोणी उघडून पाहत नाही.

ही पाती म्हणजे रीड व्हॉल्व्ह. एका बाजूने स्क्रूने घट्ट धरलेली, दुसऱ्या बाजूने मोकळी. त्यांना ना कॅम, ना स्प्रिंग, ना चेन. दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबात फरक पडला की ती आपोआप वाकतात आणि फरक मिटला की स्वतःच्या ताठपणाने परत बसतात. टू-स्ट्रोक इंजिनातला हा कदाचित सर्वांत स्वस्त हलता भाग असेल, पण गाडीचा खालच्या रेसचा सगळा जोम त्याच्यावर अवलंबून असतो.

टू-स्ट्रोक इंजिन श्वास घेते ते क्रँककेसमधून. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्याखालची जागा वाढते, तिथला दाब वातावरणापेक्षा कमी होतो आणि कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि ऑइल यांचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येताना हेच मिश्रण क्रँककेसमध्ये दाबले जाते आणि ट्रान्स्फर पोर्टांतून वर, पिस्टनच्या डोक्यावर पोहोचते. अडचण या दुसऱ्या पायरीला येते. दाबलेल्या मिश्रणाला वर जाण्याची वाट असते तशीच आले त्या वाटेने मागे, कार्बोरेटरकडे जाण्याचीही असते. मागची वाट बंद करायला काहीतरी हवे.

इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जोसेफ डे यांनी क्रँककेसमध्ये मिश्रण दाबणाऱ्या आपल्या टू-स्ट्रोक इंजिनाचे पेटंट १८९१ मध्ये घेतले, तेव्हा त्यांनी या जागी एकमार्गी झडपच बसवली होती. पुढच्याच वर्षी त्यांच्याकडच्या फ्रेडरिक कॉक यांनी ती काढून टाकली. सिलिंडरच्या भिंतीत खालच्या बाजूला एक खिडकी पाडायची आणि तिची उघडझाप पिस्टनच्या स्कर्टने, म्हणजे पिस्टनच्या खालच्या झालरीनेच करून घ्यायची, ही त्यांची युक्ती. एक भाग कमी झाला, इंजिन आणखी साधे झाले. पुढची अनेक दशके बहुसंख्य लहान मोटारसायकली याच पद्धतीने चालल्या. म्हैसूरला बनलेली जावा आणि येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ या गाड्यांत कार्बोरेटर आणि पिस्टन यांच्यामध्ये दुसरे काहीच नव्हते.

या साधेपणाची किंमत होती. खिडकी पिस्टन उघडतो तेव्हा तो ज्या उंचीवर असतो, बरोबर त्याच उंचीवर परत येताना ती बंद होते. उघडणे आणि मिटणे टॉप डेड सेंटरच्या, म्हणजे पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या, दोन्ही बाजूंना सारख्याच अंशांवर. इंजिन वेगात असताना आत शिरणाऱ्या मिश्रणाला गतीचा जोर असतो, त्यामुळे पिस्टन खाली वळला तरी ते आत येत राहते. संथ फेऱ्यांना तो जोर नसतो. खिडकी मिटण्याआधीच मिश्रण मागे ढकलले जाते आणि कार्बोरेटरच्या तोंडातून धुक्यासारखे बाहेर येते. खिडकी लहान केली तर खालची ओढ सुधारते पण वरची ताकद जाते. मोठी केली तर उलटे. कॉक यांच्या युक्तीत या दोहोंपैकी एक निवडावे लागते.

यामाहाने १९७२ च्या मॉडेलांपासून ‘टॉर्क इंडक्शन’ या नावाने पात्यांची झडप रस्त्यावरच्या मोटारसायकलींत आणली आणि हा पेच बराचसा सुटला. पाते कोणत्याही ठराविक अंशाला बांधलेले नसते. आत ओढ आहे तोवर उघडे, ओढ संपली की मिटलेले, मग फेरे मिनिटाला दोन हजार असोत की सात हजार. मागची वाट पाते राखत असल्यामुळे पोर्ट मोठे ठेवता येते, पिस्टनच्या स्कर्टला खिडक्या पाडता येतात आणि आत येणाऱ्या मिश्रणाला एक जादा ट्रान्स्फर पोर्टही देता येते. भारतात एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेल्या राजदूत ३५० मध्ये हीच रचना होती. ती मूळच्या जपानी आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती. पाठोपाठ १९८५ च्या अखेरीस आरएक्स १०० आली. ९८ सीसी, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५० मिलिमीटर, मिनिटाला ७५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती. एवढ्या लहान इंजिनाला खालून वरपर्यंत जी सलग ओढ होती, तिच्यात या पात्यांचा मोठा वाटा होता. उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तरी या गाडीची मागणी अजून आटलेली नाही.

शर्यतीच्या जगात बराच काळ रीड व्हॉल्व्हला दुय्यम मानले जात होते. वाटेत उभे असलेले पाते थोडा का होईना प्रवाह अडवतेच, म्हणून ग्रांप्रीच्या गाड्यांत फिरत्या चकतीची झडप वापरत. क्रँकला जोडलेली चकती तिच्या कापलेल्या भागातून वाट मोकळी करते; त्या वेळी अडथळा काहीच नसतो. होंडाने १९८२ मध्ये तीन सिलिंडरची एनएस ५०० मैदानात आणली तीही रीड व्हॉल्व्ह घेऊन. पुढच्या वर्षी फ्रेडी स्पेन्सर यांनी तिच्यावर ५०० सीसीचे जगज्जेतेपद मिळवले. बारापैकी सहा शर्यती त्यांनी जिंकल्या, सहा यामाहाच्या केनी रॉबर्ट्स यांनी. अखेरचा फरक १४४ विरुद्ध १४२, फक्त दोन गुणांचा. त्या काळी ग्रांप्रीची सुरुवात बंद इंजिन ढकलत पळवून होत असे. खालच्या फेऱ्यांना पटकन धरणारे इंजिन अशा वेळी कामी येते, आणि पात्यांचे इंजिन नेमके तिथेच वरचढ असते. यामाहाने १९८४ मध्ये आपल्या व्ही-फोर इंजिनातली चकती काढून पाती बसवली. सुझुकीही आरजीव्ही ५०० पासून त्याच वाटेने गेली.

पाते झिजते म्हणजे नक्की काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. ‘झिजणे’ या शब्दाने घासून पातळ होणे डोळ्यांसमोर येते. तसे इथे फारसे घडत नाही. पाते थकते. मिनिटाला ७५०० फेरे म्हणजे सेकंदाला १२५ वेळा वाकणे आणि परत आदळणे, तासाला साडेचार लाख वेळा. सरासरी ४५०० फेरे आणि ताशी ४० किलोमीटर धरले तर वीस हजार किलोमीटरच्या प्रवासात हा आकडा साडेतेरा कोटींवर जातो. प्रत्येक वाकण्यात पात्याच्या पृष्ठभागावर ताण येतो. कडेला बारीकसा ओरखडा, कापताना राहिलेली खाच किंवा गंजाचा ठिपका असेल तर ताण तिथे एकवटतो. तिथून केसासारखी चीर सुरू होते आणि एक दिवस कोपरा तुटून पडतो.

पण पाती इतक्या वेळा वाकल्यामुळेच मरतात असे म्हणावे, तर घरातल्या फ्रिजकडे पाहावे. त्याच्या काँप्रेसरमध्येही पोलादी पात्यांची झडप असते. मिनिटाला सुमारे २९०० फेरे, दिवसाला बारा तास धरले तरी वर्षाला ७६ कोटी उघडझापी, आणि असे फ्रिज दहा-दहा वर्षे विनातक्रार चालतात. दुसऱ्या टोकाला १९४४ मध्ये जर्मनीने लंडनवर सोडलेला व्ही-वन हा उडता बॉम्ब. त्याच्या आर्गस पल्सजेट इंजिनात समोरच्या जाळीवर स्प्रिंग-पोलादाच्या झडपा होत्या. त्या सेकंदाला पन्नासएक वेळाच हलत, पण समोर जळत्या वायूचा मार असे. लंडनपर्यंतच्या वीस-पंचवीस मिनिटांपुरत्या त्या टिकल्या की काम भागत होते. मोटारसायकलचे पाते या दोहोंच्या मध्ये येते. त्याचे आयुष्य किती वेळा वाकले यापेक्षा प्रत्येक खेपेला किती वाकले, कुठे वाकले आणि त्याची कड किती निर्दोष होती, यावर ठरते. म्हणूनच ‘इतक्या किलोमीटरला बदला’ हा नियम इथे फारसा कामाचा नाही. पाते काढून, उजेडात धरून पाहणे हाच खरा उपाय.

किती वाकावे हे ठरवायला पात्याच्या पाठीशी एक वळणदार पत्रा असतो, त्याला स्टॉपर म्हणतात. उघडणारे पाते या वळणावर टेकत जाते, त्यामुळे सगळा ताण बुडाशी न एकवटता लांबीभर पसरतो. काही हौशी मंडळी जास्त हवा मिळावी म्हणून स्टॉपर हाताने आणखी उघडतात. पहिले काही दिवस गाडी चपळ वाटतेही, पण पात्याचा ताण त्या प्रमाणात वाढतो आणि ते बुडाशी किंवा टोकाशी लवकर चिरते. मॅन्युअलमध्ये स्टॉपरची उंची मिलिमीटरच्या दशांशात दिलेली असते ती याचसाठी.

पात्याची जाडी आणि ताठपणा यांचे नाते पेटीवाल्यांना चांगले ठाऊक आहे. हार्मोनियमच्या पितळी सुराचे टोक खरवडले की वजन घटते आणि स्वर चढतो. बुड खरवडले की ताठपणा घटतो आणि स्वर उतरतो. इंजिनाच्या पात्यालाही असाच स्वतःचा एक स्वाभाविक वेग असतो. इंजिनाच्या फेऱ्यांनी त्याला मागे टाकले की पाते वेळेत मिटत नाही, बैठकीवर टपटप आपटत राहते. या अवस्थेला फडफड म्हणता येईल. टोकाचे कपचे बहुधा इथेच उडतात.

ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, हे गणित लक्षात ठेवण्याजोगे आहे. ०.२० मिलिमीटरच्या पोलादी पात्याऐवजी ०.२५ ची पट्टी बसवली तर फरक नखाएवढाही दिसत नाही, पण ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. असे पाते खालच्या फेऱ्यांना धड उघडतच नाही. मिळेल त्या पत्र्यातून कात्रीने पाते कापून बसवण्याचा जुगाड फसतो त्याचे एक कारण हे. दुसरे कारण कड. कात्रीने कापलेल्या कडेवर सूक्ष्म खाचा राहतात आणि चिरा तिथूनच सुरू होतात. कारखान्यातल्या चांगल्या पात्यांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या असतात.

आता बाजारात पोलादाबरोबर काचतंतूंची आणि कार्बन तंतूंची पातीही मिळतात. अमेरिकेतल्या आयविंड बॉयसेन यांनी पातळ आणि जाड अशा दोन थरांची पाती लोकप्रिय केली: वरचे लहान पातळ पाते थोड्याशा ओढीला उघडते, खालचे जाड पाते जोराच्या ओढीला. काचतंतूंचे पाते पोलादापेक्षा दुप्पट जाड, म्हणजे ०.४ मिलिमीटर घेतले तर त्याचा ताठपणा ०.२ च्या पोलादी पात्याच्या आसपास येतो, वजन मात्र निम्मे भरते. हलके म्हणून ते लवकर मिटते आणि जास्त फेऱ्यांपर्यंत फडफडत नाही. उलट बाजू अशी की पोलादाला ठराविक ताणाखाली कितीही वेळा वाकवले तरी ते टिकते, तंतूंच्या पात्याला अशी सुरक्षित मर्यादा नसते. ते हळूहळू मऊ पडते, कडेचे तंतू पिंजतात. पण तुटले तर त्याचा तुकडा बहुधा इंजिनातून फारशी इजा न करता निघून जातो. पोलादी तुकडा तसा जात नाही. तो क्रँककेसमध्ये पडतो, तिथून ट्रान्स्फर पोर्टातून वर जाऊन पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये सापडतो किंवा क्रँकच्या बेअरिंगमध्ये शिरतो. रोजच्या वापरातल्या आणि मुळाबरहुकूम ठेवलेल्या गाडीला मूळ मापाची पोलादी पातीच योग्य. सतत वरच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या गाडीला तंतूंची पाती घालून ती वरचेवर तपासणे शहाणपणाचे.

रीड खोलण्याआधी दोषाची दिशा ओळखता येते. एअर फिल्टरची नळी काढून, इंजिन आयडलिंगला ठेवून कार्बोरेटरच्या तोंडासमोर पांढरा कागद धरावा. थोडा ओलावा चांगल्या इंजिनातही दिसेल, पण कागदावर पेट्रोलचे शिंतोडे उडत असतील तर पाती मिटत नाहीत. आसपास विडी-सिगारेट किंवा ठिणगी नको, हे वेगळे सांगायला नको. अशा गाडीचे मिश्रण खालच्या फेऱ्यांना जाड होते, कारण तीच हवा कार्बोरेटरमधून आत, मग मागे, मग पुन्हा आत जाते आणि प्रत्येक खेपेला पेट्रोल उचलते. प्लग काळा पडतो. क्रँकचे ऑइल सील गेले असेल तर चित्र बहुधा उलटे असते: बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होते, आयडलिंग आपोआप वर चढते आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस पटकन उतरत नाही. या दोन आजारांची गल्लत झाली की चुकीच्या जागी पैसे जातात. कॉम्प्रेशन गेजवर तर रीडचा दोष कळतच नाही, कारण तो मोजतो पिस्टनच्या वरचा दाब आणि पाती असतात त्याच्या खालच्या वाटेवर.

खोलण्याचे काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर काढावा. मेनिफोल्डचे बोल्ट एकदम एक न काढता समोरासमोरच्या कोनांनी थोडे थोडे ढिले करावेत. मेनिफोल्ड निघाला की रीड ब्लॉक दिसतो. तो चिकटलेला असेल तर स्क्रूड्रायव्हर घुसवून उचकटू नये, ॲल्युमिनियमच्या बैठकीवर ओरखडा उठला तर तिथूनच हवा ओढली जाईल. लाकडी दांड्याने बाजूला हलके ठोकले की सुटतो. ब्लॉक बाहेर आल्याबरोबर सिलिंडरच्या उघड्या तोंडात स्वच्छ कापड कोंबावे. आत पडलेला एक वॉशर काढण्यासाठी पूर्ण इंजिन खोलावे लागू शकते.

ब्लॉक पाचरीच्या आकाराचा, दोन्ही उतारांवर खिडक्या आणि त्यांवर पाती. ऑइलचा काळा थर पेट्रोलने किंवा कार्ब क्लीनरने धुऊन टाकावा. तारेचा ब्रश पात्याला लावू नये. मग मागून टॉर्च मारावी. पाते आणि बैठक यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तर फिलर गेजने ती फट मोजावी. किती फट चालेल ते त्या त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते; लहान इंजिनांत हा आकडा सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या आतच असतो. गेज हाताशी नसेल तर दुसरी परीक्षा सोपी आहे. धुऊन वाळवलेल्या ब्लॉकच्या कार्बोरेटरकडच्या बाजूने तोंडाने हवा ओढावी. पाती बैठकीला चिकटून ओढ जाणवली पाहिजे. किंचित गळती चालते. हवा सरळ येत असेल तर पाती किंवा बैठक यांपैकी एक गेले आहे.

यानंतर पाती एकेक करून पाहायची. सर्वांत आधी मोकळ्या टोकाचे दोन्ही कोपरे, मग स्क्रूखालची बुडाची रेषा. भिंग असेल तर उत्तम. पोलादी पाते तिरप्या उजेडात फिरवले की चीर काळ्या केसासारखी दिसते. तंतूंच्या पात्यावर पांढुरका डाग किंवा पिंजलेली कड दिसते. बैठकीकडेही तेवढेच लक्ष हवे. यामाहाच्या ब्लॉकवर खिडकीच्या कडेला निओप्रीन रबराचा थर असतो. पात्याच्या आदळण्याने आधी त्यावर वळ उठतो, मग तो कापला जातो. वयाने रबर कडक होते आणि पोपडे सुटतात. आता भारतात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि जुन्या गाड्यांतले रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. म्हणून फुगलेले किंवा सुटलेले रबर शोधूनच पाहावे. रबर गेलेल्या ब्लॉकवर नवी पाती बसवण्यात अर्थ नाही, पूर्ण ब्लॉकच बदलावा.

वाकलेले पाते उलटे करून बसवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. बाक बैठकीकडे गेल्यामुळे पाते काही दिवस घट्ट बसतेही. पण त्याचा पृष्ठभाग आधीच थकलेला असतो आणि आता त्याला नव्या दिशेचा ताण सोसावा लागतो. घरापर्यंत पोहोचायला हा उपाय ठीक, त्यापुढे नाही.

नवी पाती बसवताना स्क्रूंचा त्रास होतो, कारण कारखान्यातून ते लॉकटाइट लावून आवळलेले असतात. योग्य मापाचा फिलिप्स ड्रायव्हर पूर्ण दाबून फिरवावा. डोके घसरण्याची चिन्हे दिसली तर ब्लॉक थोडा तापवावा, मात्र पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावर, गरम पाण्याने किंवा हॉट एअर गनने. जुना लॉकटाइट दोऱ्यातून साफ करावा. यामाहाच्या पात्याचा आणि स्टॉपरचा एक कोपरा मुद्दाम छाटलेला असतो. ते दोन्ही छाट एकावर एक आले म्हणजे पाते योग्य बाजूने बसले. खिडकीच्या चारही कडांवर पाते सारखे बसते का ते पाहून मगच स्क्रूच्या दोऱ्याला लॉकटाइटचा एक थेंब लावावा आणि टप्प्याटप्प्याने आवळावे. या स्क्रूंना लागणारा जोर फार थोडा, साधारण एक न्यूटन-मीटर, म्हणजे ड्रायव्हर बोटांत धरून दिलेल्या पिळाएवढा. जास्त आवळले तर ॲल्युमिनियमचे दोरे जातात आणि स्टॉपरही वेडावाकडा होतो. लॉकटाइट टाळू नये. सुटलेला स्क्रू तुटलेल्या पात्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

ब्लॉक परत बसवताना दोन्ही बाजूंचे पॅकिंग नवे घ्यावे. मेनिफोल्डचे रबर बाहेरून हाताने वाकवून पाहावे. भेगा असतील तर तेही बदलावे, नाहीतर रीडची गळती जाऊन मेनिफोल्डची सुरू होईल.

ब्लॉकमधून काढलेल्या पात्याचा तुकडा गायब असेल, तर मात्र काम इथे संपत नाही. तो तुकडा एअर फिल्टरकडे गेलेला नसतो, आत गेलेला असतो. किक मारून पाहण्याचा मोह टाळावा. सिलिंडर उचलून पिस्टनचा स्कर्ट, ट्रान्स्फर पोर्ट आणि क्रँकचा खड्डा टॉर्चने पाहावा, चुंबकाने चाचपावे. सगळेच स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही, म्हणून चुंबकाला काही लागले नाही याचा अर्थ आत काही नाही असा होत नाही. पेट्रोलने क्रँककेस धुऊन ते गाळून घ्यावे.

कोकण किनाऱ्यावरच्या लहान होड्यांना टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन लावतात, त्यांतही कार्बोरेटरमागे अशीच पाती असतात. तिथे वाकण्याच्या जोडीला खारी हवा असते. स्टेनलेस पातेही मिठाच्या ओलाव्यात बारीक खड्डे धरते आणि प्रत्येक खड्डा चिरेची सुरुवात ठरू शकतो. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ढकलत नेता येते, खाडीच्या तोंडाशी ओहोटीत मशीन सुरू होईनासे झाले तर ती सोय नसते. हंगाम सुरू होण्याआधी मशीन उघडले जाते तेव्हाच रीड प्लेट धुऊन, उजेडात धरून पाहावी, आणि पात्यांचा एक जोड होडीवर कोरड्या डबीत ठेवावा.

नवी पाती बसल्यावर किक पहिल्या-दुसऱ्या खेपेला घेते, आयडलिंग स्थिर होते, एअर फिल्टर कोरडा राहतो. पण इथे एक खबरदारी राहते. पाती गळत असताना मिश्रण जाड होते म्हणून कोणीतरी आधी लहान जेट घातलेले असतात, सुई खाली उतरवलेली असते, एअर स्क्रू बाहेर काढलेला असतो. पाती नीट मिटू लागली की तीच बांधणी पातळ ठरते. पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक इंजिन जास्त तापते आणि पूर्ण रेसवर पिस्टन जाम होऊ शकतो. म्हणून जेट, सुई आणि एअर स्क्रू मूळ मापावर परत आणावेत, गरम इंजिनावर एअर स्क्रू फिरवून आयडलिंग लावावे, आणि सपाट रस्त्यावर एक लांब फेरी मारून, इंजिन तिथेच बंद करून प्लग काढून पाहावा. पांढरट निघाला तर मेन जेट एक नंबर मोठा घालावा. चॉकलेटी निघाला तर जेटाला हात लावायची गरज नाही.